प्रेन्कने ऐकलं होतं

बैठकीत प्रेन्कला काही विचारलं, तर तो लगेच उत्तर देत नसे. आधी डबी उघडायची, कागदावर तंबाखू पसरायची, जीभ फिरवून सिगारेट चिकटवायची, चुलीतला निखारा चिमट्यानं उचलून ती पेटवायची, आणि पहिला धूर नाकातून बाहेर पडला की मग बोलायचं. बोलणंही किती, तर एक वाक्य. “कुंपण तू पुढे घेतलंयस, मागं घे.” बस्स. डोंगरातल्या त्या गावात बांधाची, पाण्याची, रुसलेल्या भावाभावांची कितीतरी भांडणं त्या एका वाक्यावर मिटली होती. बाप्ये त्याला चुलीच्या उजव्या हाताला, मानाच्या जागी बसवत. त्याच्या शब्दाला वजन होतं.

हा माणूस सतरा वर्षांचा होईपर्यंत मुलगी होता. नाव प्रेन्दा. गावातल्या म्हाताऱ्यांना ते ठाऊक होतं, तरुणांना ऐकून ठाऊक होतं, आणि त्यात बोलण्यासारखं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. अशी माणसं आमच्या डोंगरात पूर्वीपासून होत आली आहेत.

प्रेन्दाचा बाप एका हिवाळ्यात बर्फाच्या लोटाखाली गेला. मागं राहिली आई, प्रेन्दा, आणि अजून धड चालताही न येणारा फ्रान. घरात पुरुष नाही म्हटल्यावर चुलते येऊन बसू लागले, गुरं कुणी न्यायची याची आडून आडून बोलणी सुरू झाली. त्यातच पलीकडच्या खोऱ्यातून प्रेन्दाला मागणी आली. त्या संध्याकाळी आई दूध तापवत होती. प्रेन्दा शेजारी बसून शेंगा सोलत होती. ती एवढंच म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी मक्याला पाणी कोण लावेल गं?” आई पळी फिरवायची थांबली. पोरीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. दूध उतरवून म्हणाली, “तूच लावशील.” दुसऱ्या दिवशी तिनं दिरांना बोलावून सांगितलं, की या घरात आजपासून पुरुष आहे. मोठ्या माणसांसमोर प्रेन्दानं लग्न न करण्याची शपथ घेतली, केस कापले, बापाची विजार चढवली, बापाचं घड्याळ मनगटावर बांधलं. त्या दिवसापासून ती तो झाली.

विजार अवघड गेली नाही. विळा, कुऱ्हाड, खेचर, काहीच अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते बोलणं. पहिल्याच दिवशी गवत कापून आल्यावर तो बैठकीत टेकला आणि म्हणाला, “दमले बाई.” सगळ्यांनी माना वळवल्या. मग कोपऱ्यातून कुणीतरी खुसखुसलं. शेजारचा ल्येशबाबा चांगला माणूस होता. त्यानं नंतर त्याला झऱ्याजवळ गाठून समजावलं. म्हणाला, नुसतं ‘दमलो’ म्हणून भागायचं नाही, पोरा. पुरुषानं आपण दमलोय हे सांगायचंच नाही. ‘मला आपलं वाटतं’ म्हणायचं नाही, ‘हो की नाही’ असं शेपूट लावायचं नाही. दुसऱ्याचं बोलणं संपलं की लगेच तोंड उघडायचं नाही, त्याला वाटलं पाहिजे की तू तोलतोयस. आणि कुणी काही म्हणालं तर त्यानं जे शब्द उच्चारले तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. शब्दामागं काय दडलंय ते शोधत बसणं हे बायकांचं काम.

प्रेन्कनं ते इतक्या मनापासून घोटलं, की वर्षा-दोन वर्षांत ल्येशबाबाच म्हणू लागला, हा आता आमच्यापेक्षा कमी बोलतो.

तरीही बरीच वर्षं बैठकीत त्याला जागा मिळे ती दाराजवळ. ती बदलली वुकसानमुळे. वुकसान खालच्या सपाटीवरचा, तळ्याकाठचा. सरकारी जंगलात लाकूड तोडायला दोघं एका टोळीत होते. टोळीतले बाकीचे प्रेन्ककडे बघून डोळे मिचकावायचे, पण वुकसाननं पहिल्याच रात्री राकी दारूचा पेला आधी त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, “घे गड्या, थोरला तू आहेस.” ही गोष्ट गावात पोचली, आणि बैठकीतली त्याची जागा चुलीकडे सरकली. प्रेन्क ते कधी विसरला नाही. आपण पुरुष आहोत याची पावती आपल्याला कुणी दिली असं त्याला कुणी विचारलं असतं, तर त्यानं वुकसानचं नाव सांगितलं असतं.

आई गेली. फ्रान मोठा झाला, त्याचं द्रानेशी लग्न प्रेन्कनंच लावून दिलं. त्यांना एक मुलगी झाली, म्रिका. पुढं सीमा उघडल्या तसा फ्रान डोंगर ओलांडून ग्रीसला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. वर्षा-दोन वर्षांनी यायचा, आठवडाभर झोपा काढायचा, परत जायचा. घर प्रेन्कच्या शब्दावर चालायचं. द्राने त्याला ‘भाऊजी’ म्हणे, म्रिका ‘काका’. पोरगी त्याची लाडकी होती. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसूनच ती कुरणात जायची. घरात आणि बायकांत ती तोंडाची भारी चुरूचुरू, पण काकाशी बोलताना सगळ्या पोरी बोलतात तशीच बोलायची. हळू, अर्धं, आणि वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावून.

ती एकोणीस वर्षांची असताना वुकसान डोंगर चढून आला. आपल्या धाकट्या मुलासाठी, पाश्कसाठी, त्यानं म्रिकाला मागितलं. मागितलं तेही किती रीतीनं. चारचौघांत, टोपी नीट करून, जुन्या दिवसांची आठवण न काढता. प्रेन्कनं सिगारेट वळली. ऊर भरून आला होता, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. म्हणाला, “रविवारी सांगतो.”

त्या आठवड्यात म्रिका त्याच्याशी तीनदा बोलली.

पहिल्यांदा, तो अंगणात खेचराचे खूर बघत होता तेव्हा. पाण्याची घागर खाली ठेवून ती म्हणाली, “काका, खाली तळ्याकाठी उन्हाळ्यात डास फार असतात म्हणे.”

प्रेन्कच्या हातातला खूर क्षणभर तसाच राहिला. त्याला समजलं. समजायला काही लागतच नाही, ती भाषा तो सतरा वर्षं बोलला होता. पण तो म्हणाला, “जाळ्या लावतात लोक.” आणि पुढचा खूर उचलला.

वर त्याच संध्याकाळी त्यानं बैठकीत ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. पोरगी डासांना भ्यायली. सगळे पोट धरून हसले. प्रेन्क क्वचितच कुणाला हसवायचा, त्यामुळे आपण सगळ्यांना हसवलं याचं त्याला त्या वेळी बरंसुद्धा वाटलं. पुढं आयुष्यभर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या हसण्याची.

दुसऱ्यांदा ती मक्याचं पीठ मळत होती. द्राने चुलीशी होती. म्रिकानं आईलाच सांगितल्यासारखं केलं, पण आवाज काकापर्यंत पोचेल एवढा ठेवला. म्हणाली, सणाला चर्चमध्ये वुकसानकाकांची थोरली सून शेजारी बसली होती, तिला काहीही विचारा, नुसती मान हलवते. “तिचा आवाज कसाय, हे कुणी ऐकलंच नाही म्हणे.” द्रानेचा हात थांबला. तिनं प्रेन्ककडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली. प्रेन्क म्हणाला, कमी बोलणारी सून असली तर घराला बरंच. आणि उठून बाहेर गेला.

तिसऱ्यांदा शनिवारी, गोठ्यात. तो गाईला वैरण टाकत होता. म्रिका दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही. हात ओढणीत गुंडाळलेले. प्रेन्क वैरण टाकत राहिला, वळला नाही. मग ती म्हणाली, “आत्या.”

घरात हा शब्द कधी कुणी उच्चारलेला नव्हता.

“आत्या,” ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू, “तू आजीला कसं सांगितलं होतंस?”

प्रेन्क गर्रकन वळला. हातात दाताळं होतं. “आत्या कोण?” तो ओरडला. “या घरात कुणी आत्या नाही. काका आहे. कळलं? पुन्हा तोंडातून हा शब्द काढलास तर जीभ हासडीन.” गाय बिचकून दोरीला ताण देऊ लागली. म्रिकानं एकदा मान हलवली आणि ती निघून गेली. प्रेन्क तिथंच उभा राहिला. मग त्यानं गाईच्या पाठीवर हात ठेवून तिला शांत केलं. आपल्याला राग आलाय, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

रविवारी वुकसान आला. सगळ्यांसमोर त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, “पोरगी राजी आहे ना, प्रेन्क?”

प्रेन्कनं डबी उघडली, सिगारेट वळली, पेटवली, धूर सोडला. एवढ्या वेळात माणसाला वाटलं तर काहीही बोलता येतं.

“राजी आहे,” तो म्हणाला.

ऑक्टोबरात लग्न झालं. म्रिका सपाटीवर गेली.

पहिल्या वर्षी ती दोनदा आली. तब्येत बरी दिसत होती. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणायची. सासर बरं? हो. पाश्क बरा? हो. जाऊ कशी? हो, बरी. प्रेन्क स्वतःला म्हणे, बघा, उगाच काळजी. दुसऱ्या वर्षी ईस्टरला ती आली तेव्हा तो अंगणात बाकावर बसला होता. ती समोरून घरात चालली होती. त्यानं हाक मारली, “म्रिका!” ती थांबली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. प्रेन्कला वाटलं, पोरीचा राग आहे अजून. मनातून तो जरा सुखावलासुद्धा. राग आहे म्हणजे नातं आहे.

दुपारी द्राने त्याच्यापुढे भाकरी आणि दही ठेवताना म्हणाली, “भाऊजी, पोरीला डाव्या बाजूनं हाक नका मारू.”

त्यानं वर पाहिलं. द्राने भाकरीचे तुकडे सरळ करत होती.

“वारं असतं त्या बाजूला,” ती म्हणाली.

या वेळी प्रेन्कनं वाऱ्याबद्दल काही उत्तर दिलं नाही. त्यानं ताट सारलं. खिडकीतून झऱ्याजवळ भांडी घासणारी म्रिका दिसत होती. तिचं डोकं सारखं एका बाजूला कललेलं होतं, उजवा कान पुढं करून. आपण सकाळपासून ते बघत होतो हे त्याला तेव्हा कळलं.

सण झाला आणि पाश्क येऊन तिला घेऊन गेला. प्रेन्क काही बोलला नाही. त्याला सवयच होती, आधी तोलायचं आणि मग बोलायचं. या वेळी त्यानं आठवडाभर तोललं. जेवण जाईना. गोठ्यात पाऊल टाकलं की दारात कुणीतरी उभं आहे असं वाटे. शेवटी एका सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला, पायी उतरून रस्ता गाठला आणि खाली जाणाऱ्या व्हॅनमध्ये बसला.

वुकसानकडे बैठक भरलेली होती. वुकसान, त्याचा भाऊ, पाश्क आणि शेजारचे दोघे म्हातारे. मानाची जागा लगेच मोकळी झाली, चुलीवर कॉफी ठेवली गेली. पुरुषांच्या बैठकीत आल्या आल्या कामाचं बोलत नाहीत. आधी वाट, हवा, गुरं, मग कॉफी, मग सिगारेट. प्रेन्क त्यात मुरलेला होता. पण त्या दिवशी त्याचा हात डबीकडे गेलाच नाही.

“म्रिकाच्या कानाला काय झालं?” तो म्हणाला.

पाश्क भिंतीकडे बघत म्हणाला, “पडली. गोठ्यात पाय घसरला.”

“कानावर पडली?”

“प्रेन्क,” वुकसान समजुतीच्या सुरात म्हणाला, “घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतं. तू बायको केली नाहीस, तुला त्यातलं काय कळणार?” म्हातारे गालात हसले. खरं तर त्यानं चिडून बोलायला हवं होतं, किंवा हसून सोडून द्यायला हवं होतं. दोन्ही रीतीचं झालं असतं. प्रेन्क मात्र बोलत सुटला. पोरीनं डासांचं काय सांगितलं ते, जावेबद्दल काय सांगितलं ते, ती मान कशी कलती ठेवते ते, एकातून दुसरं, वाक्यं अर्धी टाकून, कुणाच्या तोंडाकडे न बघता. एवढा तो चाळीस वर्षांत बोलला नव्हता. वुकसाननं भावाकडे बघितलं आणि म्हणाला, “काय झालं याला? बायकांसारखा काय बोलतोय.”

“ती मला सांगत होती,” प्रेन्क म्हणाला. “नको म्हणत होती.”

“कुणाला सांगत होती? तू तर म्हणालास, राजी आहे.”

“मी खोटं बोललो.”

आता कुणी हसलं नाही. डोंगरात काय आणि सपाटीवर काय, दिलेल्या शब्दावर माणूस उभा असतो. भर बैठकीत, ज्याला शब्द दिला त्याच्याच घरात, आपण खोटं बोललो असं म्हणणारा माणूस त्या म्हाताऱ्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

“कळलं नसेल तुला,” वुकसान म्हणाला. जुन्या मैत्रीला जागून तो वाट काढून देत होता. “पोरी सरळ कुठं बोलतात. कुणाला कळतं ते.”

ती वाट धरून बाहेर पडता आलं असतं. प्रेन्कनं नाही म्हणून मान हलवली. “मला कळलं होतं. मी ऐकलं होतं. तुला नाही म्हणायची माझी छाती नव्हती, म्हणून ऐकलं नाही असं दाखवलं.” मग तो म्हणाला, “शब्द मागं घेतो. पोरीला नेतो.”

तेवढ्यात कॉफी तयार झाली. वुकसानच्या भावानं पेले भरले, एकेकाला दिले. प्रेन्कचा पेला त्यानं आपल्या गुडघ्याखालून पुढं केला. ज्याचा शब्द गेला त्याला असाच देतात. वुकसाननं मान खाली घातली, पण भावाला अडवलं नाही. प्रेन्कनं पेला घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

म्रिकाला बोलवावं लागलं नाही. पलीकडे स्वयंपाकघरात सगळं ऐकू गेलं होतं. तो बाहेर आला तेव्हा ती उंबऱ्याशी उभी होती, आणि जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता ती थोरली जाऊ तिच्या कपड्यांच्या गाठोड्याला घाईघाईनं दोरी बांधत होती. गाठ मारून झाल्यावर तिनं गाठोडं प्रेन्कच्या हातात दिलं आणि आत निघून गेली. तिलाही घेऊन जावं असं प्रेन्कच्या मनात आलं. पण ती त्याच्या घरची नव्हती.

व्हॅनमध्ये म्रिका खिडकीला बसली, प्रेन्क तिच्या डाव्या बाजूला. रस्ता खडबडीत, इंजिनाचा आवाज मोठा. चढ लागल्यावर प्रेन्क म्हणाला, “चुकलं माझं, पोरी.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्या कानानं तिला ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच म्हणता आलं. पुन्हा, दुसऱ्या बाजूनं, त्यानं ते म्हटलं नाही.

त्यानंतर गावानं त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही. बैठकीत गेला तर लोक सरकून जागा देत. फक्त चुलीच्या उजव्या हाताची नव्हे. आणि भांडण मिटवायला त्याला कुणी बोलवेना. तो हळूहळू जायचाच थांबला. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन बसू लागला. पण तिथं शेजारणी आलेल्या असल्या तर त्याला बघून त्या ओढण्या सावरत आणि गप्प होत. त्यांच्या लेखी तो पुरुष होता. मग तो काहीतरी निमित्त काढून गोठ्यात जाई.

म्रिका वर्षभर घरी राहिली. नंतर श्कोडर शहरात शिवणाच्या कारखान्यात तिला काम मिळालं, द्रानेच्या एका मावसबहिणीकडे राहायची सोयही झाली. निघायच्या दिवशी प्रेन्क तिचं गाठोडं घेऊन रस्त्यापर्यंत उतरला. वाटेत तो मुद्दाम उजव्या बाजूनं चालत होता. व्हॅनची वाट बघताना तो म्हणाला, “त्या दिवशी गोठ्यात. मी ऐकलं होतं.”

“ठाऊक आहे, काका.”

“कसं?”

“ऐकलं नसतं, तर तुम्ही ओरडला नसतात.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर प्रेन्कला सोपं गेलं असतं. ती अर्धंमुर्धं, ‘म्हणे’ लावून बोलत नव्हती. कारखान्यात सुट्टी किती, ख्रिसमसला येईन की नाही, आईच्या गुडघ्यासाठी कुठलं औषध आणायचं, सगळं तिनं सरळ, नीट सांगितलं, जसं कुणाही परक्या माणसाला सांगावं. त्या बोलण्यामागं काहीही दडलेलं नव्हतं. प्रेन्क प्रत्येक शब्द उलटून बघत होता आणि त्याला काही सापडत नव्हतं. व्हॅन आली. ती पुढच्या सीटवर बसली आणि गेली.

आता घरात दोघंच होती, तो आणि द्राने. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी द्राने चुलीपुढे फुंकत बसली होती. घर धुरानं भरलं होतं. डोळे पुसत ती म्हणाली, “भाऊजी, लाकडं ओली आहेत.”

प्रेन्क हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिला. ओली लाकडं म्हणजे काय? घरातली ऊब? फ्रान? का त्या दिवशी चुलीशी तिनं एकदाच वर बघून खाली घातलेली नजर? त्यानं डोक्याला ताण दिला, पण शब्दामागचं ऐकणं चाळीस वर्षं दाबून ठेवून बोथट झालं होतं, हवं तेव्हा हाती येत नव्हतं.

“द्राने,” तो शेवटी म्हणाला, “आणखी काही सांगायचंय का तुला?”

द्रानेनं त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं.

“नाही. लाकडंच ओली आहेत.”

“बरं,” प्रेन्क म्हणाला, आणि छपराखालची सुकी लाकडं आणायला उठला.